गणवेशाआधीची तीन वर्षे

जबलपूर शहराच्या ईशान्येस वसलेले रिछाई हे लहानमोठ्या कारखान्यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. शहराच्या याच अंगास वाहन निर्माणी आणि खमरियाची आयुध निर्माणी आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी ही या परंपरेतील आद्य संस्था. एकेकाळी सैन्याच्या छावण्यांतून सर्रास दिसणारा शक्तिमान ट्रक आणि ‘जोंगा’ गाडी जबलपुरातच तयार होत असे. ‘जोंगा’ या नावातील पहिले अक्षरच मुळी जबलपूरचे आहे. ८ एप्रिल २०१९ रोजी ‘धनुष’ या १५५ मिलिमीटर तोफांची पहिली खेप सैन्याच्या हाती सुपूर्द झाली, तीही याच शहरात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या आणि निर्माण्यांच्या फाटकावरील पाट्या बदलल्या. कामाचे स्वरूप मात्र तेच राहिले.

या शहरात केवळ शस्त्रे घडतात असे नाही, सैनिकही घडतात. ग्रेनेडिअर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन नामांकित रेजिमेंटांची केंद्रे येथे आहेत आणि सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्रही येथेच आहे. १९६५ चे वीर अब्दुल हमीद, १९७१ चे मेजर होशियार सिंग आणि १९९९ च्या कारगिल युद्धातील योगेंद्र सिंग यादव हे परमवीरचक्राचे मानकरी ग्रेनेडिअर्सचे. तर कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार हे जम्मू-काश्मीर रायफल्सचे. अशा परिसरात वाढणाऱ्या मुलामुलींना सैन्याचे आकर्षण वाटावे, यात नवल ते काय?

तथापि, तोफ घडविण्याचा आराखडा कागदावर मांडता येतो आणि जवानाच्या प्रशिक्षणाचे आठवडे मोजता येतात, तसे अधिकाऱ्याचे होत नाही. अधिकारी घडण्याची सुरुवात अकादमीच्या दारातून आत पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलाने अथवा मुलीने सैन्यात अधिकारी व्हावे, असे स्वप्न पाहणाऱ्या पालकांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. हे स्वप्न काही आठवड्यांच्या शिकवणीवर साकार होईल, की महाविद्यालयीन वर्षांचा तो संथ परिपाक असेल, या प्रश्नाच्या उत्तरावर कुटुंबाचा पैसा, विद्यार्थ्याची उमेदीची वर्षे आणि त्याचा आत्मविश्वास या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात.

एका रस्त्यावरील तीन गावे

जबलपूर आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तो नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला. पुढे १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या एकाच प्रांतात जबलपूर व विदर्भ एकत्र नांदले. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथेच स्थायिक झाली.

जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिवनी लागते. नागपूर येण्यापूर्वी कामठी लागते. विद्यार्थ्यांच्या लष्करी प्रशिक्षणाच्या इतिहासात या दोन्ही गावांना स्थान आहे. राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजेच सर्वांना परिचित असलेल्या एन.सी.सी.चे, पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांचा जन्म १९१६ मध्ये सिवनी येथे झाला. ३१ मार्च १९४८ रोजी त्यांनी या पदाची सूत्रे हाती घेतली. हेच बेवूर पुढे १९७३ ते १९७५ या काळात भारताचे सरसेनापती होते. कामठीला एन.सी.सी.ची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. देशभरातील महाविद्यालयांचे प्राध्यापक व शाळांचे शिक्षक गणवेश चढवून येथे प्रशिक्षण घेतात आणि आपापल्या संस्थेत परतून छात्रसैनिकांचे सहयोगी अधिकारी म्हणून काम पाहतात. महिला प्राध्यापकांसाठी अशी अकादमी ग्वाल्हेर येथे आहे. एरवी अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकविणारा हा प्राध्यापक संपूर्ण योजनेचा कणा आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

कल्पनेचा प्रवास

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची कल्पना स्वातंत्र्यापूर्वीची आहे. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची चणचण भासू लागली, तेव्हा १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्यान्वये विद्यापीठांमध्ये ‘युनिव्हर्सिटी कोअर’ उभी राहिली. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यानंतर तिचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, तिच्या नावात ‘ऑफिसर्स’ हा शब्द आला. प्रत्येक वेळी हेतू एकच होता : युद्धात अधिकारी कमी पडू नयेत.

स्वतंत्र भारताने हा हेतू विस्तारला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये नेमलेल्या समितीने देशव्यापी छात्रसंघटनेची शिफारस केली. एप्रिल १९४८ मध्ये तसा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी एन.सी.सी. अस्तित्वात आली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये हवाई विभाग आणि १९५२ मध्ये नौदल विभाग सुरू झाला. संघटनेची आजची उद्दिष्टे तीन आहेत. तरुणांमध्ये चारित्र्य, बंधुभाव, शिस्त, नेतृत्व व निःस्वार्थ सेवेची वृत्ती निर्माण करणे, हे पहिले. जीवनाच्या सर्व क्षेत्रांना नेतृत्व पुरविणारे सुसंघटित मनुष्यबळ तयार करणे, हे दुसरे. सैन्यदलात प्रवेश करण्यास तरुणांना उद्युक्त करणे, हे तिसरे. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सैन्यातील नोकरी यादीत शेवटी आहे.

१९६२ च्या चीन युद्धाने देशाला खडबडून जागे केले. अधिकाऱ्यांची तातडीची गरज भागविण्यासाठी १९६३ मध्ये पुणे व मद्रास येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा सुरू करण्यात आल्या. त्यांपैकी मद्रासची शाळा आज चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली. ही सक्ती १९६८ पर्यंत टिकली, त्यानंतर एन.सी.सी. पुन्हा ऐच्छिक झाली. दरम्यान १९६५ च्या, आणि पुढे १९७१ च्या युद्धात छात्रसैनिकांनी आयुध निर्माण्यांना साहाय्य करण्यापासून शत्रूच्या छत्रीधारी सैनिकांवर पाळत ठेवण्यापर्यंतची कामे केली. २०२० च्या करोना साथीत ‘एन.सी.सी. योगदान’ या मोहिमेअंतर्गत प्रौढ छात्रसैनिकांनी रांगांचे नियोजन, साहित्याचे वाटप आणि वाहतुकीचे नियमन यांत हातभार लावला. या कामांना शस्त्र लागत नाही; परंतु घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याची सवय मात्र लागते.

तीन वर्षांत काय घडते ?

पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेला विद्यार्थी एन.सी.सी.च्या वरिष्ठ विभागात दाखल होऊ शकतो. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षानंतर ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. त्यासाठी कवायतीच्या तासांना ठरावीक हजेरी आणि शिबिरांतील सहभाग आवश्यक असतो. संचलन, नेमबाजी, नकाशावाचन, प्रथमोपचार आणि आपत्ती व्यवस्थापन हे शिक्षणाचे दृश्य विषय. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एन.सी.सी. हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून घेण्यास वाव दिल्यामुळे कवायत आणि अभ्यास यांतील ओढाताणही काही अंशी कमी झाली आहे.

परंतु खरे शिक्षण विषयपत्रिकेच्या बाहेर घडते. वार्षिक शिबिरात वेगवेगळ्या महाविद्यालयांतून आलेल्या अनोळखी मुलांबरोबर दहा दिवस काढावे लागतात. पहाटे उठणे, स्वतःचे अंथरूण-पांघरूण नीट रचून ठेवणे, रांगेत उभे राहून जेवण घेणे आणि ताट स्वतः घासणे यातून कोणाचीच सुटका नसते. कारखानदाराचा मुलगा आणि कामगाराचा मुलगा एकाच रांगेत उभे असतात. हळूहळू जबाबदाऱ्या वाटल्या जातात. लान्स कॉर्पोरलपासून सीनिअर अंडर ऑफिसरपर्यंतची पदे छात्रसैनिकांनाच मिळतात. त्यांपैकी कंपनी क्वार्टरमास्टर सार्जंटकडे साहित्याचा हिशेब असतो. किती सतरंज्या आल्या, किती परत गेल्या, एखादी कमी भरली तर जबाब कोणी द्यायचा, हे त्याला विसाव्या वर्षीच कळते. बँकेतील रोखपालाला दिवसअखेर जो ताळमेळ घालावा लागतो, त्याचेच हे छोटे रूप होय.

अंडर ऑफिसर झालेल्या मुलासमोर याहून अवघड प्रसंग येतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कँटीनमध्ये चहा घेतला, त्याच मित्रांना आज हुकूम द्यावयाचा असतो. आवाज चढविला तर मैत्री तुटते. मिनतवारी केली तर तुकडी हलत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग प्रत्येकाला स्वतःच शोधावा लागतो. तो एका आठवड्यात सापडत नाही. म्हणूनच तीन वर्षे लागतात.

अधिकारी आणि त्याची माणसे यांच्यातील अंतर किती महाग पडू शकते, याचा धडा जबलपूरच्या इतिहासातच आहे. मुंबईतील नाविकांच्या उठावानंतर काही दिवसांतच, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, येथील सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील जवान बराकी सोडून मोर्चाने रस्त्यावर उतरले. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांचा संताप त्यामागे होता. तसाच निकृष्ट अन्नाचा आणि भेदभावाच्या वागणुकीचाही होता. राजकीय पार्श्वभूमी बाजूला ठेवली, तरी ज्या सैन्यात अधिकाऱ्याला जवानाच्या ताटात काय वाढले आहे याची खबर नसते, तेथे शिस्त केवळ भीतीवर उभी असते, एवढे या घटनेतून निश्चित दिसते. देशाचे हित प्रथम, आपल्या माणसांचे त्यानंतर आणि स्वतःचे सर्वांत शेवटी, हा डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत शिकविला जाणारा क्रम म्हणूनच केवळ सुभाषित नव्हे. तो रोजच्या व्यवहाराचा नियम आहे आणि त्याचे पहिले पाठ शिबिराच्या स्वयंपाकघरासमोरील रांगेत गिरविले जातात.

पाच दिवसांची कसोटी

पदवीधरांसाठी अधिकारीपदाचे मुख्य मार्ग दोन. पहिला, केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेत असलेली संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा. दुसरा, एन.सी.सी. विशेष प्रवेश योजना. या दुसऱ्या मार्गात आयोगाची लेखी परीक्षा नसते. ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असलेल्यांच्या अर्जांची छाननी होऊन पात्र उमेदवारांना थेट सेवा निवड मंडळासमोर, अर्थात एस.एस.बी.समोर, बोलावले जाते. निवड झाल्यास अल्पकालीन सेवेचे कमिशन मिळते. ही सेवा दहा वर्षांची असून ती आणखी चार वर्षे वाढविता येते. जागांची संख्या आणि वयाच्या अटी प्रत्येक वेळच्या अधिसूचनेत असतात. त्या मूळ अधिसूचनेतूनच वाचाव्यात. ऐकीव माहितीवर विसंबू नये.

कोणत्याही मार्गाने गेले, तरी निवड मंडळ चुकत नाही. भारतीय सैन्य अकादमीसाठी लेखी परीक्षेला ३०० आणि निवड मंडळाच्या कसोटीलाही ३०० गुण असतात, यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे. जबलपूरच्या तरुणांना जवळचे केंद्र भोपाळचे. १९४३ पासून भारतात अवलंबिलेली ही पद्धत मुळात दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश निवड मंडळांच्या धर्तीवर उभी आहे. कुळ, शाळा किंवा ओळख पाहून अधिकारी निवडण्याची जुनी रीत मोडून प्रत्यक्ष वागणुकीवरून पारख करावी, हा तिचा गाभा होता. आज बँका आणि उद्योगसमूह भरतीच्या वेळी जी गटचर्चा घेतात, तिचे मूळही नेता न नेमता गटाला काम देण्याच्या या लष्करी प्रयोगांत आहे.

निवड मंडळाची रूढ मांडणी पाच दिवसांची आहे. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन चाचणी आणि चित्र पाहून कथा लिहिण्याची व तिच्यावर चर्चा करण्याची चाचणी होते. अनेक उमेदवारांना त्याच संध्याकाळी परतावे लागते. उरलेल्यांची पारख तीन स्वतंत्र परीक्षक करतात. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्यांतून मनाचा वेध घेतो : चित्रांवरून कथा, प्रत्येकी १५ सेकंदांत ६० शब्दांवर उमटणाऱ्या प्रतिक्रिया आणि अर्ध्या तासात ६० प्रसंगांवरची उत्तरे. मुलाखतकार अधिकारी बोलण्यातून माणूस जोखतो. मैदानावरील गटचाचणी अधिकारी प्रत्यक्ष कृती पाहतो. मन, वाणी आणि कृती यांत एकवाक्यता आहे की नाही, हे तिघे एकमेकांशी विचारविनिमय न करता पाहतात आणि अखेरच्या दिवसाच्या बैठकीत आपली मते एकत्र मांडतात. ‘काया, वाचा, मने’ हा आपल्या परिचयाचा शब्दप्रयोग येथे अक्षरशः कसोटी बनतो.

मैदानावरच्या चाचणीत उमेदवाराला नाव नसते. छातीवर फक्त क्रमांक असतो. आठ-दहा जणांच्या गटाला फळी, बल्ली, दोर आणि एक ओझे दिले जाते आणि आखलेल्या सीमारेषांच्या पलीकडे जावयास सांगितले जाते. लाल रंगाला स्पर्श निषिद्ध. गटप्रमुख कोणीही नेमलेला नसतो. अशा वेळी जो मोठ्याने ओरडतो तो नेता ठरतो, असा गैरसमज आहे. फळी नेमकी कोठे टेकवायची हे ज्याला सुचते, दुसऱ्याची सूचना अधिक चांगली असेल तर जो ती विनासंकोच स्वीकारतो आणि शेवटचा माणूस पार होईपर्यंत जो दोर धरून ठेवतो, त्याच्याकडे परीक्षकाचे लक्ष असते. नियोजन, जबाबदारीची जाणीव, सहकार्य, पुढाकार, निर्णयाचा वेग, धैर्य आणि चिकाटी यांसारखे पंधरा गुण येथे पाहिले जातात. त्यांची नावे एका तासात पाठ होतील. ते अंगी आहेत असे पाच दिवस भासविणे मात्र जवळजवळ अशक्य आहे, कारण थकलेला माणूस आपल्या खऱ्या सवयीवरच येतो.

हिशेबाची बाजू

या ठिकाणी पालकांनी वही-पेन घेऊन बसावे. अधिकारी प्रशिक्षणाचा खर्च शासन करते. सातव्या वेतन आयोगानंतर अकादमीतील प्रशिक्षणार्थीला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. निवड मंडळासमोर एखाद्या प्रवेशप्रकारासाठी प्रथमच जाणाऱ्या उमेदवाराला नियमानुसार रेल्वेभाडेही परत मिळते. एन.सी.सी.च्या प्रशिक्षणाला शुल्क नाही. अलीकडच्या वर्षांत गणवेशाची रक्कम छात्रसैनिकाच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत रूढ होत आहे. अनेक मुलांच्या पासबुकातील स्वतःच्या नावाची ही पहिलीच शासकीय नोंद असते.

खर्च होतो तो खासगी शिकवणी वर्गांवर. सर्वच वर्ग निरुपयोगी असतात असे नव्हे. लेखी परीक्षेच्या तयारीला आणि चाचण्यांचे स्वरूप समजून घेण्यास त्यांचा उपयोग होऊ शकतो. परंतु निवडीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवून मुदत ठेव मोडण्याआधी मोफत मार्ग पडताळून पाहावेत. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी राज्य शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोड येथे आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या किंवा एन.सी.सी.मार्फत पात्र ठरलेल्या उमेदवारांची निवड मंडळासाठीची तयारी तेथे विनामूल्य करून घेतली जाते आणि निवास-भोजनाचीही सोय होते. दहावीनंतरच्या मुलांसाठी १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथे, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था कार्यरत आहे. तेथील मुले राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिक येथे सुरू झाली आहे.

आणखी दोन बाबी सही करण्यापूर्वी वाचून घ्याव्यात. अकादमीत दाखल होताना हमीपत्र द्यावे लागते. वैयक्तिक कारणाने प्रशिक्षण मध्येच सोडल्यास झालेला खर्च परत करण्याची जबाबदारी त्यानुसार येते. कर्जाला जामीन राहताना आपण जितक्या बारकाईने कागद वाचतो, तितक्याच बारकाईने हा कागदही वाचला पाहिजे. दुसरी बाब जोखमीची. कठोर प्रशिक्षणात दुखापत होऊन काही उमेदवारांना वैद्यकीय कारणास्तव घरी परतावे लागते. अशा प्रशिक्षणार्थींना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ बराच काळ मिळत नव्हता. २०२५ मध्ये शासनाने तो मंजूर केला. विम्याच्या तरतुदी काय आहेत, याची चौकशी कुटुंबाने आधीच करावी. स्वप्न मोठे असले म्हणजे व्यवहार विसरावा, असे नाही.

मुलींसमोरील खुले दार

रिछाईसारख्या वसाहतीत राहणाऱ्या कुटुंबांतील मुलींच्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतील बदल विशेष महत्त्वाचे आहेत. १९९३ पासून चेन्नईच्या अकादमीतून महिला अधिकारी बाहेर पडू लागल्या. मात्र बहुतेकींची सेवा अल्पकालीनच राहिली. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा हक्क मान्य केला. ऑगस्ट २०२१ च्या अंतरिम आदेशाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींसाठी खुली झाली. २०२२ मध्ये खडकवासल्यात दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील १७ युवती ३० मे २०२५ रोजी इतर छात्रांच्या बरोबरीने संचलन करून पदवीधर झाल्या. एन.सी.सी. विशेष प्रवेश योजनाही महिलांना खुली आहे. घरातील मुलगी सकाळी सहाच्या कवायतीला जाण्यासाठी परवानगी मागते, तेव्हा हे सारे मार्ग पालकांच्या डोळ्यांसमोर असावेत.

यादीत नाव नसेल तर

निवड मंडळाच्या शेवटच्या दिवशी उमेदवारांना एका दालनात बसवून शिफारस झालेल्यांचे क्रमांक वाचून दाखविले जातात. क्रमांक थोडे असतात. कधी कधी संपूर्ण गटातून एकही नसतो. शिफारस झाली, तरी वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी हे टप्पे उरतातच. म्हणजे हे स्वप्न पाहणाऱ्या बहुसंख्य तरुणांच्या वाट्याला परतीचा प्रवास येतो, हे सत्य प्रारंभीच स्वीकारावयास हवे.

हा परतीचा प्रवास कोण कसा करतो, यावर बरेच काही अवलंबून आहे. ज्याने सारी भिस्त पाच दिवसांवर ठेवली आणि त्यासाठी घरातील शिल्लक खर्ची घातली, त्याच्या हाती केवळ नकार उरतो. शेजारीपाजारी काय म्हणतील, या विचाराने तो खचतो. ज्याने महाविद्यालयाची तीन वर्षे कवायतीच्या मैदानावर, शिबिरात आणि रक्तदान किंवा स्वच्छता मोहिमेत घालविली आहेत, त्याच्या हाती मात्र बरेच काही असते. वेळेवर पोहोचण्याची सवय, चार माणसांना घेऊन काम तडीस नेण्याचा अनुभव, हिशेबाची चोखी आणि आपली चूक दुसऱ्यावर न ढकलण्याची वृत्ती त्याच्याकडून कोणीही काढून घेऊ शकत नाही. वयाची अट असेपर्यंत पुन्हा प्रयत्न करण्याचा मार्गही खुला असतो. मंडळाने एका विशिष्ट व्यवसायासाठी त्या दिवशी केलेली ती पारख असते. माणसाच्या योग्यतेवरचा तो अखेरचा निकाल नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी हे वाक्य त्या संध्याकाळी उच्चारले, तर त्याचे मोल कोणत्याही शिकवणीपेक्षा अधिक असेल.

रिछाईतील एखाद्या छोट्या कारखान्याला पाळीचा पर्यवेक्षक लागतो. आग लागली असता आधी कामगारांना बाहेर काढणारा, कच्च्या मालाची नोंद चोख ठेवणारा, मालकाला अप्रिय वाटले तरी खरे सांगणारा. बँकेच्या शाखेला असा अधिकारी लागतो, ग्रामपंचायतीला असा सरपंच लागतो, शाळेला असा मुख्याध्यापक लागतो. सर्व क्षेत्रांसाठी नेतृत्व, हे एन.सी.सी.चे दुसरे उद्दिष्ट येथे प्रत्यक्षात उतरते. सैन्याला दरवर्षी मोजकेच अधिकारी हवे असतात. समाजाची ही गरज मात्र कधीच पुरी होत नाही.

महाविद्यालयाचे नवे वर्ष सुरू झाले की, सूचनाफलकावर एन.सी.सी. प्रवेशाची सूचना लागते. धावण्याची चाचणी, वैद्यकीय तपासणी आणि एक लहानशी मुलाखत एवढेच सोपस्कार असतात. जागा मर्यादित असल्याने ही सूचना पहिल्या वर्षीच, पहिल्या आठवड्यातच वाचली पाहिजे. तिसऱ्या वर्षी जाग आली तर ‘सी’ प्रमाणपत्राची वाट बंद झालेली असते. ग्राहक-पालकांनी आणि बँकेतील सहकाऱ्यांनी आपल्या मुलामुलींना त्या फलकापर्यंत अवश्य पाठवावे. पुढे अंगावर सैन्याचा गणवेश चढेल अथवा चढणार नाही. परंतु तीन वर्षांनंतर घरी परतणारा तरुण किंवा तरुणी स्वतःचे ताट स्वतः घासेल, दिलेली वेळ पाळेल आणि इतरांची वाट लागली असताना स्वतःची वाट पाहत उभी राहणार नाही, एवढे निश्चित.